फुमीचा शेवटचा गठ्ठा

बाळूकाकाने माझा शेवटचा गठ्ठा विकला आणि त्याबद्दल आजपर्यंत माझी माफी मागितलेली नाही. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे आनंदाच्याच गोष्टी जास्त येणार आहेत आणि त्यांच्या भरात हा मुद्दा मागे पडायला नको. काका आता थकलाय. कानाने कमी ऐकू येतं. दर दिवाळीला माझ्याकडे फराळाला येतो, चकली चहात बुडवून खातो, आणि मी गठ्ठ्याचा विषय काढला की कानातल्या यंत्राकडे बोट दाखवून मान हलवतो. यंत्र मीच घेऊन दिलंय. उत्तम चालतं.

आमचं रद्दीचं दुकान महामार्गावरच्या द्वारका चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि घर दुकानाच्या डोक्यावर. पहाटेपासून ट्रकचे हॉर्न, खाली काट्याच्या साखळीची खळखळ, अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गिऱ्हाइकाशी चाललेलं हुज्जत घालणं आणि वर आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, हे सगळं एकाच वेळी कानावर पडायचं. शांतता म्हणजे काय हे मला लग्नानंतर कळलं आणि फारसं आवडलं नाही. दुकानाची खरी कमाई द्राक्षांच्या हंगामात. बागाईतदाराला पेटीच्या तळाशी घालायला कागद लागतो, आणि त्यासाठी परदेशी रद्दीच्या मोठमोठ्या गाठी मुंबईच्या बंदरातून यायच्या. अण्णा काटा सांभाळायचे. अण्णांचा धाकटा भाऊ बाळूकाका स्कूटरवर बागा फिरायचा, गोड बोलायचा आणि ऑर्डरी आणायचा. तो आमच्यातच राहायचा, लग्न केलं नव्हतं, आणि घरातल्या प्रत्येकाला नावं ठेवणं हा त्याचा विरंगुळा होता.

अशाच एका गाठीतून मला फुमी मिळाली. गाठ फोडली की आत सगळा गोंधळ असतो, इंग्रजी पेपर, चिनी जाहिराती, कुणाच्या तरी शाळेच्या वह्या. पण त्या गाठीत पांढऱ्या सुतळीने उभेआडवे बांधलेले, कडा जुळवलेले गठ्ठे निघाले. फेकायचा कागदसुद्धा इतका नीट बांधणारी माणसं कोण असतील, असं मला वाटलं. आत चित्रकथांची जाडजूड मासिकं होती, जपानी. वर्षानुवर्षं कुणीतरी क्रमाने जपून ठेवलेली आणि मग घर रिकामं करताना बाहेर काढलेली असावीत. प्रत्येक अंकात फुमी नावाच्या मुलीची गोष्ट थोडी थोडी पुढे जायची. बंदराच्या गावातल्या मासळीबाजारात तिच्या वडिलांचा गाळा असतो. वडील अंथरुणाला खिळतात, गाळा एक गोड बोलणारा मुकादम बळकावतो, आणि ही डोक्याला पट्टी बांधून गाळा परत मिळवायला निघते. तापट पोरगी. कुणी वाकडं बोललं की हातात असेल तो मासा तोंडावर मारायची. मला ती एका नजरेत पटली.

पहिले काही महिने मी ती गोष्ट उलटी वाचली. आपल्यासारखंच डावीकडून धरलं, म्हणजे प्रत्येक अंक शेवटाकडून सुरुवातीकडे. त्यामुळे माझी फुमी आधी मारायची, मग समोरचा तिचा अपमान करायचा. मला त्यात काही खटकलं नाही, आमच्या चौकात असंच चालायचं. एक दिवस तिच्या हातातली फुटलेली बशी पुढच्या चित्रात धड झाली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मग पुस्तक फिरवलं आणि सगळं पुन्हा वाचलं. ‘वाचलं’ म्हणजे अजून पाहिलंच, कारण अक्षर एक येत नव्हतं.

अक्षरं मिळाली चौकातल्या सायबर कॅफेत. तिथल्या दादाने मला जपानी बाराखडीचा तक्ता छापून दिला, तो मी आईच्या ओट्यासमोर चिकटवला, कारण माझा सगळा वेळ तिथे लसूण सोलण्यात जायचा. त्या मासिकांत एक सोय होती. अवघड चित्रलिपीच्या शेजारी बारीक अक्षरांत उच्चार दिलेला असायचा, बहुतेक लहान मुलांसाठी. मी एक एक अक्षर लावत मोठ्याने म्हणायचे, अर्थ चित्रावरून ताडायचे आणि नाहीच जमलं तर एका इंग्रजी-जपानी शब्दकोशाच्या झेरॉक्समध्ये शोधायचे. त्याच दादाने मग जपानी मालिकांच्या सीड्या करून दिल्या, खाली इंग्रजी ओळी असलेल्या. संध्याकाळी दुकान मिटलं की आम्ही सगळे त्या बघायचो. आईला इंग्रजी येत नव्हतं, जपानीही नाही, पण कोण खोटं बोलतंय हे तिला सगळ्यांत आधी कळायचं.

‘‘तो टोपीवाला नीच हाय,’’ ती मटार सोलता सोलता म्हणायची.

‘‘अगं, त्याने अजून काहीच केलं नाहीये.’’

‘‘करंल की. हसतो बघ कसा, बाळूभावजींवानी.’’

‘‘वहिनी, मी इथंच बसलोय,’’ काका म्हणायचा. मग ‘‘काय ती चिवचिव’’ म्हणत उठायचा आणि दाराबाहेर जिन्यात जाऊन बसायचा. बराच वेळ बसायचा.

अण्णांना त्या मालिकांतली एकच गोष्ट आवडली. तिकडे माणूस घरात शिरताना दारातूनच ‘तादाइमा’ म्हणतो, म्हणजे आलो बरं का मी, आणि घरातलं माणूस आतून ‘ओकाएरी’ म्हणतं, म्हणजे आलास, ये. अण्णा म्हणाले, हे बरंय, नाहीतर इथे माणूस दिवसभर काट्याशी उभा राहून वर आला तरी कुणी मान वर करत नाही. दुसऱ्या दिवसापासून जिन्यातून त्यांची दणदणीत ‘‘तादाइमाऽऽ’’ यायची आणि आई आतून ओरडायची, ‘‘ओकाएरी! आधी हात धुवा.’’ शेजाऱ्यांना वाटायचं आमच्यात नवस वगैरे चाललाय. काकाने मात्र तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. ‘‘घराची नाटक कंपनी केली पोरीनं,’’ असं म्हणून तो चपला काढायचा.

फुमी सतत वाडग्यातून वाफाळत्या शेवया भुरकायची. ते पाहून आईलाही चेव आला. तिने आपल्या गव्हाच्या शेवया मुगाच्या झणझणीत आमटीत सोडल्या, वर कांद्याची पात चिरली, आणि आम्ही त्या तिच्या लोकर विणायच्या सुयांनी खाल्ल्या. निम्म्या मांडीवर सांडल्या. मी पुढे खऱ्या जपानला चार-दोनदा जाऊन आले, चांगल्या दुकानांत जेवले, पण आईच्या शेवयांची सर कशाला नाही. तिथल्या शेवयांना लसूण कमी पडतो.

लोक मला विचारतात, ताई, कुठला क्लास केला? मी जपानहून द्राक्षबागेसाठी जुने छोटे ट्रॅक्टर आणते, भाव फोनवर जपानीतूनच पाडते. तिकडचे व्यापारी मला म्हणतात की तुम्ही मासळीबाजारातल्या बाईसारखं बोलता. मी म्हणते, धन्यवाद, आता तुमची किंमत खाली आणा.

तर बारावीची परीक्षा जवळ आली तेव्हा मी आईशी सौदा केला. शेवटून दुसरा गठ्ठा नुकताच संपला होता. गोष्ट अशा ठिकाणी येऊन थांबली होती की फुमीच्या वडिलांचा गाळा कर्जापायी उद्या लिलावात जाणार, आणि ही बंदरावर बोटीचं तिकीट हातात धरून उभी. गाव सोडणार की बाजारात परत जाणार? शेवटचा गठ्ठा फोडायचा नाही, शेवटचा पेपर झाला की तो माझा, आणि त्यानंतर आठवडाभर मला कुणी लसूण सोलायला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. गठ्ठा दुकानाच्या माळ्यावर ठेवला. बाळूकाकानेच त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत ‘वैशाली’ असं लिहिलं आणि म्हणाला, ‘‘जा, अभ्यास कर. इथून कुणी हलवत नाय.’’ हे त्याचे शब्द. मी विसरलेले नाही.

शेवटचा पेपर देऊन मी धावत आले, तशीच शिडी चढले. माळा रिकामा होता.

‘‘पिंपळगावकडच्या तात्यांना जाड कागद पाहिजे होता,’’ काका काट्याकडे बघत म्हणाला. ‘‘आपला माल संपला. अडलेलं गिऱ्हाईक होतं.’’

‘‘त्यावर माझं नाव होतं!’’

‘‘रद्दीचं दुकान हाय वैशे. रद्दी विकली.’’

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईने कान धरून वर नेलं, अण्णा दोघांवरही ओरडले, आणि त्या संध्याकाळी आमच्या जिन्यात कुणीच तादाइमा म्हणालं नाही. सकाळी मी दुकानातला एक इंग्रजी पेपरचा गठ्ठा उचलला, ओझरवरून जाणारी एसटी पकडली आणि विचारत विचारत तात्यांच्या बागेवर पोचले.

पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाटावर ओळीने बायका बसल्या होत्या. घड देठाला धरून कात्रीने खराब मणी काढायचे, पेटीत कागद घालायचा, वर घड रचायचे. कात्र्यांची किचकिच आणि द्राक्षांचा आंबूस-गोड वास. तात्या म्हणजे उंच, वाळका माणूस, काट्यापाशी उभा. मी सांगितलं, हा चांगला गुळगुळीत पेपर घ्या, माझा गठ्ठा द्या. त्यांनी पेपर चिमटीत धरून चोळला.

‘‘ह्यो पाणी पीत नाय. तुमचा तो खडबडीत कागद ओल शोषून घेतो, म्हणून तर घेतला. आता तो माझा. आन् भरल्या पेटीला तर हातच लावायचा नाय. घड दोनदा हाताळला की मण्यावरची पांढरी झाक जाती, व्यापारी नाक मुरडतो. जा बाळ घरी.’’

गठ्ठा ओळीच्या मधोमध पडलेला होता, सुतळी कापून. सगळ्यांत नवा अंक सगळ्यांत वर असतो, म्हणजे गोष्टीचा शेवटच आधी फाटला होता. त्याची पानं रिकाम्या पेट्यांच्या तळाशी अंथरलेली. मी रडायच्या बेतात होते, पण मला राग आला की रडू येत नाही, हा माझा फायदा आहे. तेवढ्यात ओळीतल्या सगळ्यांत वयस्क बाईने, हिराबाईने, पेटीतल्या पानावर बोट ठेवलं.

‘‘वो ताई, तुमचं म्हणत्यात ना हे? मंग सांगा तरी, ही बाई त्या बाप्याच्या तोंडावर मासा का मारती?’’

‘‘त्यानं तिच्या वडिलांचा गाळा बळकावलाय.’’

‘‘आगं बया! मंग बराबर हाय.’’

‘‘तिचं लगीन झालंय का?’’ पलीकडची मंदा म्हणाली.

‘‘गाळ्याचं आधी बघू दे की,’’ हिराबाई म्हणाली. ‘‘मंग पुढं?’’

मी सांगू लागले आणि कात्र्या थांबल्या. काट्यापासून तात्या ओरडले, ‘‘ए! हात चालवा! आन् पोरी तू नीघ.’’ आणि तिथे मला माझ्या आयुष्यातला पहिला खरा सौदा सुचला.

‘‘तात्या, मी वाचते. जोवर ह्यांचे हात चालतायत तोवर वाचेन. हात थांबला की मी गप्प. मग ह्याच एकमेकींना दटावतील, तुम्हाला ओरडावं लागणार नाही.’’

‘‘आन् कागद?’’

‘‘वाचून झालेलं पान तुमच्या पेटीत. एक पान घरी नेणार नाही.’’

तात्यांनी डोकं खाजवलं. ‘‘मोठ्यानं वाचावं लागंल. हितपर्यंत ऐकू आलं पाहिजे.’’

‘‘तुम्हाला कशाला?’’

‘‘कामावर ध्यान ठेवायला,’’ तात्या म्हणाले. ‘‘आन् सुरुवातीपासनं सांग. मधूनच काय कळंल?’’

मी उलट्या घातलेल्या क्रेटवर बसले. आधी मागची गोष्ट थोडक्यात सांगितली, मग गठ्ठ्यातला सगळ्यांत जुना अंक काढला आणि वाचू लागले. घरी मी एक एक ओळ लावत बसायचे, शब्दकोश उलटायचे, परत मागे जायचे. इथे मागे जायची सोय नव्हती. मंदा पान वाचून व्हायची वाट बघत हात पुढे करून बसलेली, मी शेवटची ओळ म्हटली की ते पान पेटीत आणि त्यावर घड. प्रत्येक पान मला एकदाच मिळणार होतं. सुरुवातीला अडखळले. एक शब्द येईना तेव्हा हिराबाईच म्हणाली, ‘‘म्हणत आसंल की, आत्ता बाप आठवला व्हय तुला?’’ पुढची ओळ वाचली तर तिचं बरोबर होतं. मग कधी तरी, नक्की कधी ते मला सांगता येणार नाही, माझे डोळे जपानी अक्षरांवरून पळत होते आणि तोंडातून आमच्या द्वारकेची मराठी बाहेर पडत होती. मधे काहीच नव्हतं. तक्ता नाही, इंग्रजी नाही. मुकादम बोलला की माझा आवाज बाळूकाकासारखा गोड व्हायचा, फुमी बोलली की माझा माझाच. बायका हसत होत्या, शिव्या घालत होत्या, ‘‘हाण त्याला’’ म्हणत होत्या, कात्र्या सटासट चालत होत्या. भाषा आली म्हणजे काय होतं असं मला कुणी विचारलं तर मी तो द्राक्षांचा वास सांगते.

जेवायच्या सुट्टीत हिराबाईने तिच्या फडक्यातली बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत माझ्यापुढे सरकवलं. तोंडात घास असतानाच शेडच्या दारात स्कूटर थांबली. बाळूकाका.

‘‘घरी न सांगता आलीस? चल, बस मागं.’’

‘‘ह्योच का गठ्ठा इकणारा?’’ हिराबाईने विचारलं. मी मान हलवली. साऱ्या ओळीने काकाकडे असं बघितलं, जणू तो मुकादमच आहे. काकाने घसा खाकरला, स्कूटर स्टँडवर लावली आणि मागच्या खांबाला टेकून उभा राहिला. मी पुन्हा वाचायला लागले तेव्हा तो उभा होता. थोड्या वेळाने बघितलं तर क्रेटवर बसला होता आणि कुणी न सांगता पेट्यांना कागद लावत होता.

ऊन कलताना शेवटचा अंक आला, त्याची पानं मंदाने रिकाम्या पेट्यांमधून गोळा करून क्रमाने लावून दिली. फुमी अजून बंदरावरच, मधले सगळे अंक त्या एका रात्रीतल्या तिच्या आठवणींचे. बोट भोंगा देते. ती तिकीट बघते. तिकडे बाजारात लिलाव सुरू होतो, गाळ्याची बोली लागते, मुकादम हात वर करतो, आणि गर्दीतून आवाज येतो, ‘‘थांबा!’’ पान उलटलं. पुढचं पान नव्हतं.

‘‘आगं वाच की!’’

‘‘नाहीये. शेवटचं पान नाहीये.’’

‘‘ते सकाळच्या पेट्यांत गेलं आसंल,’’ मंदा बारीक आवाजात म्हणाली. सकाळच्या पेट्या बाहेर टेम्पोत चढल्या होत्या, मनमाडला जायच्या. टेम्पोवाल्याने इंजिन सुरूही केलं होतं. मी तात्यांकडे बघितलं नाही. सौदा मीच केला होता आणि भरल्या पेटीला हात नाही हे मला सकाळीच बजावलं होतं. कात्र्या थांबल्या.

‘‘ए!’’ तात्या टेम्पोवर ओरडले. ‘‘बंद कर. उतरव पेट्या.’’

‘‘तात्या, उशीर होतोय मला!’’

‘‘माल माझा हाय का तुझ्या बापाचा? उतरव. आन् तुम्ही बायांनो, देठाला धरून उचला, मण्याला बोट लागलं तर बघा! आवाज कुणाचा होता ते कळाया नको?’’

मग जी धांदल उडाली ती मला अजून जशीच्या तशी दिसते. बायका घड अलगद उचलतायत, खालचा कागद बघतायत, ‘‘हे नाय, ह्याच्यावर मोटार हाय’’ म्हणून परत ठेवतायत. टेम्पोवाला आधी चिडला, मग कशाबद्दल चाललंय ते विचारून स्वतःच शोधू लागला. पान सापडलं बाळूकाकाला. त्याने ते दोन्ही हातांनी धरून, दमट कोपरा वर उचलून माझ्याकडे आणून दिलं.

‘‘वाच,’’ हिराबाई म्हणाली.

मी बघितलं. पानभर एकच चित्र. पहाटेचा बाजार, गाळ्याचं शटर अर्धं वर गेलेलं, आणि त्याच्या खालून दिसणारे दोन रबरी बूट, आतल्या अंधाराकडे तोंड करून. आत कुणीतरी बसलेलं असावं अशी पुसट आकृती. अक्षर एकही नव्हतं. इतके दिवस मी अक्षरं शिकले ती या पानापर्यंत यायला, आणि इथे वाचायला काही नव्हतंच.

‘‘काय लिवलंय?’’ मंदा म्हणाली.

‘‘काहीच नाही.’’

‘‘पर बूट तिचेच हायेत,’’ हिराबाई म्हणाली. ‘‘उजव्या बुटाला ठिगळ हाय, मघाशी पाह्यलं मी.’’ ठिगळ होतं. मी इतक्या वेळा बघूनही कधी पाहिलं नव्हतं. शेडमध्ये एकदम कल्ला झाला. तात्या मागे वळून उपरण्याने नाक पुसू लागले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, आता थांबलायस कशाला, भर.

‘‘दारात उभी राहून काहीतरी म्हणत असणार ना ती?’’ काका म्हणाला.

‘‘तादाइमा,’’ मी म्हणाले.

काकाने चित्रातल्या त्या पुसट आकृतीवर बोट ठेवलं. ‘‘मग तिचा म्हातारा बाप म्हणाला असंल, ओकाएरी.’’ ‘का’नंतरचा ‘ए’ नेमका सुटा म्हटला, जसा म्हणायचा असतो. आईला तो कधीच जमला नव्हता. जिन्यात बसून सगळ्या सीड्या ऐकल्या होत्या त्याने.

सौदा म्हणजे सौदा. ते पान मी स्वतःच्या हाताने पेटीत अंथरलं, हिराबाईने देठाला धरून घड ठेवला, आणि फुमी मनमाडला गेली. तात्यांनी स्कूटरवर द्राक्षांची पेटी बांधून दिली, न मागता.

तरीही ती माफी नव्हती. ओकाएरीचा अर्थ माफ कर असा होत नाही, मला जपानी येतं. काका हे जाणतो. म्हणून दर दिवाळीला तो माझ्या दारात येतो, बेल वाजवत नाही, चपला काढून उभा राहतो आणि कापऱ्या आवाजात म्हणतो, ‘‘तादाइमा.’’ मी आत चहा गाळत असते. जरा वेळ उभा ठेवते त्याला. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणते, ‘‘ओकाएरी.’’ तेवढं मात्र त्याला पहिल्या खेपेलाच ऐकू येतं.